पोलिसांवर गुन्हा नोंदवायला २०० दिवस का लागले? परभणी प्रकरण आणि संविधानातला नागरिक

परभणी जिल्ह्यात येलदरी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'धरण किती टक्के भरलं?' जिंतूर तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं हे धरण मराठवाड्यातल्या मोठ्या धरणांपैकी एक. खाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण आहे. परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांतली बरीच शेती या दोन धरणांवर अवलंबून आहे. त्यामुळे जून ते ऑक्टोबर या महिन्यांत येलदरीचा पाणीसाठा ही इथली रोजची बातमी असते.

डिसेंबर २०२४ मध्ये मात्र परभणीची बातमी पाण्याची नव्हती. ती संविधानाची होती, आणि नंतर एका मृत्यूची झाली.

संविधानाच्या एका प्रतिकृतीची मोडतोड झाली. त्यावरून आंदोलन पेटलं. आंदोलनानंतर झालेल्या अटकसत्रात पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईला, मुलाच्या मृत्यूबद्दल निदान गुन्हा तरी नोंदवा, एवढ्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने आदेश दिल्यावर राज्य सरकारच त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं.

या सगळ्या काळात संविधानाचं नाव घेतलं नाही असा एकही पक्ष नव्हता. मग संविधानातल्या कोणत्या तरतुदी कामाला आल्या, कोणत्या कागदावरच राहिल्या आणि येलदरीसारख्या गावातल्या माणसाने त्यातून काय समजून घ्यायचं?

परभणीत नेमकं काय घडलं होतं?

१० डिसेंबर २०२४, मंगळवार. परभणी रेल्वे स्थानकाबाहेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. त्याच्यासमोर काचेत ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका माणसाने मोडतोड केली. जमलेल्या लोकांनी त्याला तिथेच पकडून पोलिसांच्या ताब्यात दिलं. हा माणूस मनोरुग्ण असल्याचं सरकारने पुढे विधानसभेत सांगितलं. आंबेडकरी संघटनांना ते पटलं नाही. यामागे कोण आहे, हे शोधा, अशी त्यांची मागणी होती.

दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, बंद पुकारला गेला. बंदला हिंसक वळण लागलं. दगडफेक, जाळपोळ झाली, दुकानांचं आणि वाहनांचं नुकसान झालं. पोलिसांनी अश्रुधुराचा वापर केला, जमावबंदी लागू झाली. त्यानंतर पन्नासच्या आसपास लोकांना अटक झाली. पोलिसांनी दलित वस्त्यांमध्ये शिरून कोम्बिंग ऑपरेशन केलं, बायाबापड्यांनाही मारलं, असा वस्तीतल्या लोकांचा आरोप होता. सरकारने कोम्बिंग झाल्याचं नाकारलं.

अटक झालेल्यांमध्ये ३५ वर्षांचे सोमनाथ सूर्यवंशी होते. वडार समाजातले सूर्यवंशी परभणीत राहून कायद्याचं शिक्षण घेत होते. आधी पोलीस कोठडी, मग १४ डिसेंबरला न्यायालयीन कोठडी. १५ डिसेंबरच्या सकाळी तुरुंगात छातीत दुखत असल्याची तक्रार त्यांनी केली, त्यांना रुग्णालयात नेलं आणि तिथे त्यांना मृत घोषित करण्यात आलं.

शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरला झालं. अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू, असं प्राथमिक मत डॉक्टरांनी दिलं. १६ डिसेंबरला परभणीतले ज्येष्ठ आंबेडकरी नेते विजय वाकोडे यांचंही हृदयविकाराने निधन झालं. सूर्यवंशींच्या अंत्यसंस्काराचा तो दिवस होता.

तारखांचा एक योगायोग इथे नोंदवायला हवा. १३ आणि १४ डिसेंबरला लोकसभेत संविधानाच्या पंचाहत्तरीनिमित्त विशेष चर्चा चालू होती, १६ आणि १७ डिसेंबरला राज्यसभेत झाली. सत्ताधारी आणि विरोधक दोघेही संविधानाचे खरे रक्षक आपणच असल्याचं सांगत होते. त्या दोन चर्चांच्या मधल्या दिवशी सूर्यवंशींचा मृत्यू झाला. आणि प्रतिकृतीची मोडतोड ज्या दिवशी झाली तो १० डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय मानवी हक्क दिन.

पुस्तकाला संरक्षण देणारा कायदा

संविधानाच्या प्रतीचा अपमान हा गुन्हा आहे का, असा प्रश्न तेव्हा सोशल मीडियावर बराच फिरला. उत्तर आहे, हो. 'राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा' १९७१ सालचा आहे. राष्ट्रध्वजासाठी तो अनेकांना माहीत असतो, पण त्याच्या कलम २ मध्ये ध्वजाबरोबर भारताच्या संविधानाचंही नाव आहे. सार्वजनिक ठिकाणी संविधान किंवा त्याचा कोणताही भाग जाळणं, फाडणं, विद्रूप करणं, तुडवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

याच कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. सनदशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी संविधानावर टीका केली, त्यातल्या तरतुदींशी असहमती दाखवली, तर तो अपमान ठरत नाही. म्हणजे संविधानावर वाद घालायची मुभा कायद्यानेच दिली आहे, बंदी आहे ती विटंबनेला.

नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांमध्येही पहिलंच कर्तव्य संविधानाचं पालन आणि त्याच्या आदर्शांचा आदर हे आहे. कलम ५१-क मध्ये ते आहे. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये २६ जानेवारी २०२० पासून उद्देशिकेचं वाचन होतं. येलदरीच्या शाळेतल्या मुलालाही 'आम्ही भारताचे लोक' ही सुरुवात पाठ असते.

पण पुस्तकाचं संरक्षण आणि त्या पुस्तकाने माणसाला दिलेलं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची अंमलबजावणी सोपी असते. मोडतोड डोळ्यांसमोर होते, माणूस जागेवर सापडतो, त्याच्या बाजूने कोणी उभं राहत नाही. दुसरीत ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो गणवेशात असतो, पुरावा त्याच्याच ताब्यात असतो आणि गुन्हाही त्याच्याच खात्याने नोंदवायचा असतो. परभणीत ही दुसरी गोष्ट अडली.

अटक झालेल्या माणसाला संविधान काय देतं?

कलम २१ बहुतेकांना ऐकून माहीत असतं: कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. कलम २२ त्यापुढे जातं. अटकेची कारणं सांगायला हवीत, पसंतीच्या वकिलाशी बोलता यायला हवं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायला हवं.

इथे एक बारकावा आहे. भाषण आणि शांततेने एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य देणाऱ्या कलम १९ मध्ये 'नागरिक' हा शब्द आहे. कलम २१ मध्ये 'व्यक्ती' आहे. म्हणजे कोठडीतल्या माणसाने दगड मारला की नाही, तो कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, अगदी तो भारतीय आहे की नाही, यातल्या कशावरही त्याच्या जिवाचं संरक्षण अवलंबून नाही. 'दंगल केली ना, मग भोगा' अशा कमेंट त्या दिवसांत भरपूर दिसल्या. ज्याच्यावर आरोप आहेत त्याच्यासाठीच ही कलमं लिहिलेली आहेत, हे त्या कमेंट लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

या कलमांना सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी दात बसवले. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या १९९६ सालच्या निकालाने अटकेचे नियम घालून दिले: अटक पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचे आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपण्याचे आदेश झाले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच मिहीर शहा प्रकरणात, अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. येलदरीच्या माणसासाठी ती भाषा मराठी, हे वेगळं सांगायला नको.

परभणी प्रकरणात सरकारचं म्हणणं काय होतं? २० डिसेंबरला नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की, दंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा सूर्यवंशींनी मारहाण झाली नसल्याचं सांगितलं होतं, आणि सीसीटीव्ही चित्रणात मारहाण दिसत नाही. त्यांना श्वसनाचा त्रास होता, असंही सांगण्यात आलं. त्याच वेळी एका पोलीस निरीक्षकाच्या निलंबनाची, न्यायालयीन चौकशीची आणि कुटुंबाला १० लाख रुपयांच्या मदतीची घोषणा झाली.

यातलं पहिलं विधान जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कोठडीतला माणूस दंडाधिकाऱ्यासमोर उभा असतो तेव्हा त्याला आणणारे पोलीस सोबतच असतात. सुनावणी संपली की तो पुन्हा त्यांच्याबरोबरच जाणार असतो. अशा वेळी 'मारलं का?' या प्रश्नाला दिलेलं 'नाही' हे उत्तर किती मोकळेपणाने दिलेलं असतं? हा संशय कोणा एका पोलीस ठाण्यावरचा नाही. जगभरच्या कायद्यांनी तो गृहीत धरलेला आहे, म्हणून तर स्वतंत्र वैद्यकीय तपासणीचा आग्रह असतो. आरोपीच्या तोंडून आलेलं 'नाही' आणि शवविच्छेदनातल्या जखमा यांत विसंगती असेल, तर वजन जखमांना द्यायला हवं.

चौकशी झाली, मग गुन्हा का नाही?

या प्रकरणातली खरी अडचण इथे आहे, आणि ती केवळ परभणीपुरती नाही.

कोठडीत मृत्यू झाला की न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी बंधनकारक आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ साली दुरुस्ती करून ही तरतूद आणली गेली आणि २००६ पासून ती अमलात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १९६ मध्ये आहे. आधी ही चौकशी महसूल खात्यातले कार्यकारी दंडाधिकारी करत. पोलीस आणि महसूल दोन्ही शेवटी प्रशासनाचेच हात, म्हणून काम न्यायालयाकडे दिलं गेलं. संविधानाचं कलम ५० न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवा असं सांगतं, त्याला हे धरूनच होतं.

परभणीत अशी चौकशी झाली. तिच्या अहवालात पोलिसांवर ठपका ठेवला गेला आणि मार्च २०२५ मध्ये तो राज्य मानवी हक्क आयोगासमोरच्या कार्यवाहीतून लोकांपुढे आला.

आणि मग? मग काही नाही. कारण चौकशी झाल्यावर अहवालाचं काय करायचं, हे कलम १९६ सांगतच नाही. गुन्हा कोणी नोंदवायचा, किती दिवसांत, तपास कोणी करायचा, ज्या ठाण्यातल्या पोलिसांवर ठपका आहे त्याच ठाण्याने करायचा का, यातलं काहीही कायद्यात लिहिलेलं नाही.

सूर्यवंशी यांच्या आईने औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. त्यांच्या बाजूने अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांनी स्वतः युक्तिवाद केला, आणि त्याचा भर नेमका या रिकाम्या जागेवर होता. याचिका एका मृत्यूची असली तरी मागणी मोठी होती: अशा अहवालानंतर पुढे काय, याचे नियम न्यायालयाने घालून द्यावेत.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी निकालात सांगून ठेवलं आहे. त्यामुळे नियम अगदीच नव्हता असं नाही. सामान्य माणसाविरुद्ध तक्रार आली असती तर हाच निकाल पुरेसा झाला असता.

४ जुलै २०२५ रोजी न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. संजय देशमुख यांच्या खंडपीठाने आठवड्याच्या आत गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. मृत्यूला त्या दिवशी २०१ दिवस झाले होते. राज्य सरकार या आदेशाविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका फेटाळली. २२७ दिवस. त्यानंतर परभणीत अज्ञात पोलिसांविरुद्ध गुन्हा दाखल झाला.

'अज्ञात' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा. कोणत्या दिवशी कोणत्या ठाण्यात कोणाची ड्यूटी होती, याची नोंद सरकारच्याच वहीत असते.

याच सुमाराचं दुसरं उदाहरण बदलापूरचं. तिथल्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीने मारला गेला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं. तिथेही अहवाल आल्यानंतर गुन्ह्याचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाला विशेष तपास पथकाचा आदेश द्यावा लागला. बदलापूरच्या आरोपीबद्दल कोणालाच सहानुभूती नव्हती. परभणीच्या विद्यार्थ्याबद्दल हजारो लोक रस्त्यावर होते. दोन्ही प्रकरणांत अहवाल आला आणि पुढचं पाऊल अडलं. म्हणजे अडचण सहानुभूतीची नाही, प्रक्रियेची आहे.

येलदरीतून पाहिलं तर

हक्क आहे पण प्रक्रिया नाही, ही स्थिती या भागाला नवीन नाही.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येलदरी परिसरातले लोक निजामाची रयत होते. दिल्लीत संविधान सभा कलमांवर वाद घालत होती तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या वाट्याच्या जागा रिकाम्या होत्या. २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामाने फर्मान काढून भारताचं संविधान हैदराबादला लागू होईल असं मान्य केलं, आणि तीन दिवसांनी संविधान स्वीकारलं गेलं. संविधान लिहिण्यात परभणी जिल्ह्यातल्या लोकांना प्रतिनिधी धाडता आला नाही. पण २६ जानेवारी १९५० ला रयतेचा नागरिक झाला तो त्याच कागदाने.

पुढे १९६०च्या दशकात येलदरीचं धरण उभं राहिलं. पूर्णेच्या खोऱ्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यासाठी तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये आला. गंमत अशी की, ज्या काळात जमिनी जात होत्या त्या काळात मालमत्तेचा हक्क संविधानात चक्क मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांमधून काढला. हक्क सर्वांत वरच्या दर्जाचा होता तेव्हा पुनर्वसनाची प्रक्रिया नव्हती, आणि प्रक्रिया आली त्यानंतर दोनच वर्षांत हक्काचा दर्जा घटला. शेतकऱ्याला यातलं काय उपयोगी पडलं, हे धरणग्रस्तांच्या घरांत विचारलं तर लवकर कळतं.

अंतराचाही हिशेब आहे. येलदरीहून जिंतूर, जिंतूरहून परभणी, परभणीहून दोनशेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, आणि मग दिल्ली. औरंगाबाद खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झालं, त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे मुंबईच होती. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणाऱ्या कलम ३२ ला डॉ. आंबेडकरांनी संविधानाचा आत्मा मानलं होतं. व्यवहारात मात्र ग्रामीण माणसाला उपयोगी पडतं ते कलम २२६, म्हणजे उच्च न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग. सूर्यवंशींच्या आईने तोच वापरला. दिल्लीला जाण्याची घाई सरकारला झाली.

त्यांच्या मागे एक चळवळ, एक नामांकित वकील आणि परभणीहून मुंबईकडे निघालेला लाँग मार्च होता. जानेवारी २०२५ मध्ये निघालेला हा मोर्चा फेब्रुवारीत नाशिकला सरकारच्या आश्वासनांनंतर थांबला. विरोधी पक्षनेते राहुल गांधींपासून अनेक नेते घरी येऊन गेले. एवढं असूनही २२७ दिवस लागले. ज्याच्या मागे यातलं काहीच नाही, त्याने किती दिवस धरायचे?

मग घरच्यांनी करायचं तरी काय?

उद्या येलदरीतल्या एखाद्या घरातून कोणाला पोलिसांनी नेलं, तर पहिल्या एक-दोन दिवसांत काय मागून घेतलं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. कोणत्या ठाण्यात नेलं आणि कोणत्या गुन्ह्यात, हे विचारता येतं. अटकेची माहिती नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटक पंचनाम्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. कारणं लेखी आणि मराठीत मागावीत. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी. या प्रतीला पुढे सोन्याची किंमत येते, कारण अटकेच्या वेळी अंगावर जखमा नव्हत्या हे दाखवणारा तोच कागद असतो.

वकिलाचे पैसे नसतील तर? कलम ३९-क मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतली व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातींमधल्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण परभणीला जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१००. जिल्ह्यात जयंतीच्या प्रत्येक फलकावर उद्देशिका असते, हा क्रमांक कुठे दिसत नाही. उद्देशिकेच्या खाली एका ओळीत तो छापला तर फलक महाग होणार नाही.

हे वाचून 'कायदा माहीत असून काय उपयोग, सूर्यवंशी तर कायदाच शिकत होते' असं कोणी म्हणेल. म्हणणं खरं आहे. कायद्याचं ज्ञान कोठडीत मार चुकवत नाही. पण शवविच्छेदन दुसऱ्या शहरात, कॅमेऱ्यासमोर झालं, दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, आई न्यायालयात जाऊ शकली, हे सगळं आधीच्या कोणाच्या तरी प्रकरणातून लिहिल्या गेलेल्या नियमांमुळे शक्य झालं. त्यातला कोणताही नियम सरकारने आपणहून दिलेला नव्हता.

आंदोलकांची जबाबदारी?

११ डिसेंबरच्या बंदमध्ये ज्यांची दुकानं फुटली, त्यांचं नुकसान खरं आहे. त्या दुकानदारांचा प्रतिकृतीच्या मोडतोडीशी काहीही संबंध नव्हता. अशा वेळी डॉ. आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाचा दाखला हमखास दिला जातो. सनदशीर मार्ग उपलब्ध असताना इतर मार्ग सोडून द्यायला हवेत, असं त्यांनी संविधान सभेत बजावलं होतं.

दाखला बरोबर आहे, पण बहुतेकदा अर्धाच दिला जातो. सनदशीर मार्ग मोकळे असणं ही त्या विधानातली अट आहे. दगड उचलणाऱ्याला हे भाषण ऐकवायचं असेल, तर ते गृह खात्यालाही ऐकवायला हवं. एका आईने दगड न उचलता, याचिका हातात घेऊन, अर्ज-अहवाल-सुनावणी असा सगळा सनदशीर रस्ता तुडवला. त्या रस्त्यात सर्वांत मोठा अडथळा शेवटी सरकारच्या अपिलाचा होता.

पुढे काय बाकी आहे?

गुन्हा दाखल होणं ही सुरुवात आहे. लोकसेवकावर खटला चालवण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागू शकते, ती तरतूद नव्या संहितेत कलम २१८ मध्ये आहे. जुन्या कायद्यात अशी परवानगी वर्षानुवर्षं पडून राहायची. नव्या कायद्यात १२० दिवसांची मुदत घातली आहे. तेवढ्या दिवसांत सरकारने निर्णय घेतला नाही, तर परवानगी दिली असं मानलं जातं. कोठडीतली मारहाण हा कर्तव्याचा भाग होऊच शकत नाही, म्हणून परवानगीची गरजच नाही, असा युक्तिवादही अशा खटल्यांत होतो आणि न्यायालयांनी तो अनेकदा मान्य केला आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. कोठडीतल्या छळाविरुद्ध देशात स्वतंत्र कायदा नाही.

आणि याचिकेतला मूळ प्रश्न आहेच. दंडाधिकाऱ्याच्या अहवालानंतर किती दिवसांत गुन्हा नोंदवायचा, तपास कोणाकडे द्यायचा, अहवालाची प्रत कुटुंबाला कधी द्यायची, हे संसद किंवा राज्य विधिमंडळ कायद्यात लिहू शकतं. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे, त्यामुळे राज्याला दिल्लीची वाट पाहत बसण्याची गरज नाही, राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्राला स्वतःची दुरुस्ती करता येते. तोपर्यंत कोठडीतल्या पुढच्या मृत्यूनंतर त्या माणसाच्या घरच्यांना हाच प्रवास पुन्हा पहिल्या पायरीपासून करावा लागेल, परभणीहून छत्रपती संभाजीनगरला.